आकडा उतरतोय

माझं रक्त मी स्वतःच काढलं. डाव्या दंडाला रबरी पट्टा गुंडाळला, त्याचं एक टोक दातांत धरलं, मूठ आवळली आणि उजव्या हाताने सुई घातली. पहिल्याच प्रयत्नात शीर मिळाली. अंगात थंडी भरली होती, दात वाजत होते, तरी हात हलला नाही, आणि त्याचा मला तशा अवस्थेतही अभिमान वाटला. शाबासकी मिळावी म्हणून हे सांगत नाही. पुढे जो घोळ झाला, त्याचं मूळ त्या अभिमानातच होतं.

तेहेतीस वर्षं मी लोकांची रक्तं तपासली. पहिली अकरा पोलादपूरच्या सरकारी दवाखान्यात, उरलेली महाडला स्वतःच्या लॅबमध्ये. माझं नाव दिनकर, पण बाजारात विचाराल तर कोणी सांगणार नाही. 'रक्तवाले भाऊ' म्हणा, घरापर्यंत आणून सोडतील. लॅब आता शकील चालवतो. तो माझ्याकडे वीस वर्षं होता. त्याचे दोघे भाऊ आखातात गेले, हा गावातच राहिला आणि माझी बोलणी खात काम शिकला. निवृत्त झालो तरी मी रोज सकाळी पेपर वाचायच्या निमित्ताने तिथे जाऊन बसतो आणि त्याच्या कामात नाक खुपसतो. तो बिचारा अजून मला 'भाऊ बसा' म्हणतो.

त्या दिवशीही तसाच गेलो, फक्त रक्त या वेळी माझं होतं.

ओरखडा

पाच दिवसांपूर्वी आम्ही उमरठच्या बाजूला, सुनंदाच्या माहेरी गेलो होतो. सुनंदा म्हणजे माझी बायको. तिच्या भावाच्या शेतात लावणी चालली होती. मला हौस आली. लग्नानंतरची पहिली काही वर्षं मी जावई असूनही चिखलात उतरायचो, सगळे हसायचे, मेव्हणा मुद्दाम माझ्या बाजूची रोपं उपटून पुन्हा लावायचा. तेच पुन्हा करावंसं वाटलं. बासष्टाव्या वर्षी धोतर खोचून उतरलो, चार ओळी लावल्या, कंबर धरली, आणि बांधावर चढताना कुंपणाची कामटी नडगीला लागली. बोटभर ओरखडा. रक्तही धड आलं नाही.

"हळद लावा त्याला," सुनंदा बोलली.

"काही होत नाही त्याने," मी म्हणालो. ज्याने आयुष्यभर लोकांना 'जखम साबणाने धुवा' म्हणून सांगितलं, त्याने शेताच्या पाटातल्या गढूळ पाण्याने पाय खंगाळला आणि जेवायला बसला.

चौथ्या दिवशी नडगी लाल झाली. पाचव्या दिवशी पहाटे अशी थंडी भरली की दोन गोधड्या पुरेनात. कपाटात कधीतरीच्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या होत्या, त्या सुनंदाची नजर चुकवून घेतल्या. मग लॅबमध्ये जाऊन वर सांगितलं ते केलं.

मशीनने दोन मिनिटांत कागद टाकला. पांढऱ्या पेशी चार हजार तीनशे. नॉर्मल म्हणजे चार ते अकरा हजार. मी कागद शकीलसमोर नाचवला. "बघ. बॅक्टेरिया असता तर पंधरा-वीस हजारांवर गेला असता. साधा व्हायरल आहे."

शकील कागदाकडे पाहत राहिला. "भाऊ, काच लावू का?"

काच लावणं म्हणजे रक्ताचा थेंब काचेच्या पट्टीवर ओढायचा, रंग द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी बघायचा. दहा-पंधरा मिनिटांचं काम.

"काही नको," मी म्हणालो आणि घरी गेलो.

ही चूक दुसऱ्या कोणाच्या हातून झाली नसती. साधा माणूस ताप आला म्हणून घाबरून डॉक्टरकडे गेला असता. मी माझा आकडा वाचू शकत होतो, म्हणून गेलो नाही. आणि खरं सांगायचं तर मला आकडासुद्धा धड वाचता आला नाही. जंतू रक्तात शिरला की पांढऱ्या पेशी आधी वाढतात, पण लढाई हाताबाहेर जायला लागली की त्या खर्ची पडतात आणि आकडा खाली येतो. वाटेत कुठेतरी तो नॉर्मलमधून जातो. मशीनला तो नॉर्मलच दिसतो. काचेवर मात्र दिसतं की अंगाने कच्च्या, न पिकलेल्या पेशी लढायला काढल्यात. हे मीच शकीलला शिकवलं होतं. लेक्चर देऊन, टेबलावर हात आपटून शिकवलं होतं.

दुपारी मी सुनंदाला माझ्या आईच्या नावाने हाक मारायला लागलो. हे मला आठवत नाही, तिने सांगितलं. आठवतो तो दारातला शकील, डोक्यावरचं हेल्मेटही न काढलेला.

"भाऊ, मी काच लावली. उठा, चला."

दोन हातांतून दोन बाटल्या

महाडमधल्याच एका खासगी रुग्णालयात मला नेलं. रक्तदाब इतका उतरला होता की बसवलं की डोळ्यांपुढे अंधार यायचा. डॉक्टर गौरी, माझ्या मुलाच्या वयाची पोरगी, तिने पाय पाहिला, नखं दाबून पाहिली, आणि विचारलं, "काका, घरी काही गोळ्या घेतल्या?"

"नाही," मी म्हणालो.

"दोन घेतल्या," सुनंदा म्हणाली. "यांना वाटतं मी आंधळी हाय."

मला त्या अवस्थेतही लाज वाटली. आधी गोळी घेतली तर रक्तातला जंतू बाटलीत उगवताना त्रास देतो, आणि तो उगवला नाही तर नेमकं कुठलं औषध चालेल ते कळत नाही. हे मी काउंटरवर किती जणांना दरडावून सांगितलं असेल. डॉक्टरांनी दोन्ही हातांतून रक्त घेऊन दोन बाटल्या भरल्या, त्या तपासणीला पाठवल्या आणि थांबून न राहता लगेच सलाईनमधून औषध सुरू केलं.

आणखी एक चाचणी केली. प्रोकॅल्सिटोनिन. माझ्या उमेदीच्या काळात ही आमच्याकडे नव्हती. जंतूंनी रक्तात किती धुमाकूळ घातलाय याचा अंदाज देणारा हा आकडा, धडधाकट माणसात अर्ध्याच्याही खाली असतो. मला एवढं ठाऊक होतं, म्हणून मी विचारलं, "किती आला?"

"बघू, काका. तुम्ही आता फक्त पडून राहा."

पडद्यापलीकडे डॉक्टर सुनंदाला सांगत होत्या, ते मी ऐकलं. औषध लागू पडलं तर आकडा रोज भराभर उतरेल. दोन-तीन दिवसांत उतरला नाही, तर औषध चुकलंय किंवा आत कुठे पू साठलाय असं धरायचं. मग मुंबईला हलवावं लागेल, आणि या प्रकृतीत तो रस्ता झेपेल याची खात्री त्या देणार नाहीत.

म्हणजे मी जगणार की नाही, ते एका आकड्यावर होतं. मला हसू यावं की रडू, कळेना. रडूच आलं.

चष्मा

आयसीयूत सकाळ सहाला होते. सिस्टर येते, दिवे लावते, रक्त घेते. माझ्या शिरा तोवर आत गेल्या होत्या, तिला तीन-तीनदा टोचावं लागे. मी पडल्यापडल्या सूचना करायचो, "थोडी खाली घ्या, कोन कमी करा." ती म्हणायची, "काका, हात सैल सोडा आणि तोंड मिटा." चांगली होती. तिच्या हाताला चमेलीच्या तेलाचा वास यायचा. एक आयाबाई चमच्याने ओठ ओले करायची आणि दर वेळी "घ्या देवा" म्हणायची. मला आयुष्यात कोणी देवा म्हटलं नव्हतं.

दहा वाजता आकडा यायचा. तोवर माझा जीव टांगणीला. कागद पलंगाच्या पायथ्याशी क्लिपला लावलेला असायचा, पण चष्म्याशिवाय मला काही दिसत नाही, आणि चष्मा घरी राहिला होता. रोज मी सुनंदाला तो आणायला सांगायचो.

"अवो, इसरला बघा आज पन," ती म्हणायची.

"मग तू वाच."

ती कागद डोळ्यांजवळ नेऊन बघायची. "सहा."

सहा म्हणजे वाईट, पण हातातलं. मी श्वास सोडला. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "पाच. उतरतोय." तिसऱ्या दिवशी चार.

मुलगा निखिल आला होता. तो नवी मुंबईत कॉम्प्युटरवर काम करतो. पहिल्या गाडीने वीर स्टेशनला उतरला, रिक्षा करून थेट रुग्णालयात. तिसऱ्या दिवशी त्याचं आणि आईचं दाराबाहेर वाजलं.

"आई, इथे काय बसून राहिलीयस? मुंबईला नेऊ या."

"डाक्टरीणबाय बोलल्या नं, रस्ता झेपायचा नाय. मी नाय हलवू देनार."

"आणि इथे काही झालं तर? तू जबाबदारी घेणार?"

"घेईन. माझा नवरा हाय."

आकडा सहावरून चारवर आलाय, तर हे भांडतात कशाला? एवढा प्रश्न मनात आला आणि तो मी तिथेच सोडून दिला. तापाने डोकं चालत नव्हतं असं मी आता म्हणतो. ते पूर्ण खरं नाही.

खिडकीतला धीर

पडून राहिलेल्या माणसाला छत असतं आणि जुन्या गोष्टी असतात. मी सारखा पोलादपूरला जायचो.

तिथली लॅब म्हणजे दवाखान्याच्या मागची एक खोली, एक टेबल आणि एक खिडकी. सूक्ष्मदर्शकाला आरसा होता, खिडकीतून येणारं ऊन त्यावर पकडायचं. पावसाळ्यात ऊनच नसे, मग टेबललॅम्प तिरका करून काम चालवायचं. पेशी मोजायला मशीन नव्हतं. चौकटी आखलेल्या काचेवर थेंब सोडायचा आणि एक डोळा मिटून एकेक पेशी मोजायची. दुसऱ्या हातात काउंटर, पेशी दिसली की टक्. टक्, टक्, टक्. घरी जेवतानाही माझा अंगठा हलायचा. सुनंदा म्हणायची, "भाताची शितं मोजताय काय?"

तिथे न होणाऱ्या तपासण्यांचे नमुने महाडला पाठवायचे असत. ते थर्मासात घालून एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचे. महाडच्या स्टँडवर कोणीतरी ते उतरवून घ्यायचं. रिपोर्ट दुसऱ्या दिवशी त्याच कंडक्टरच्या खिशातून यायचा. कशेडी घाटात ट्रक उलटला की घाटापलीकडून येणारी गाडी अडकायची, आणि बाकावर बसलेले नातेवाईक बसून राहायचे. एवढ्या वर्षांत एकाही कंडक्टरने थर्मास हरवला नाही. त्यांची नावंही मी विचारली नव्हती, आता विचारावीशी वाटतात.

आणि खिडकी. लोक रिपोर्ट घ्यायला त्या खिडकीशी यायचे. उमरठकडून, घाटाच्या बाजूच्या वाड्यांवरून, पोर पाठीशी बांधून चालत आलेल्या बाया. चिठ्ठी डॉक्टरांसाठी असायची, पण ती हातात घेताना प्रत्येक जण विचारायचा, "भाऊ, किती हाय?" आकडा सांगून काय कळणार होतं? पण विचारायचे. बावीस हजार असला तरी मी म्हणायचो, "उतरतोय. घाबरू नका." उतरायला तो आधी कधी मोजलेलाही नसायचा.

साहेबांनी, म्हणजे तिथल्या डॉक्टरांनी, हे एकदा ऐकलं. मला वाटलं आता खरडपट्टी निघणार. ते म्हणाले, "चिठ्ठीवर खरं लिही. तोंडाने काय सांगायचं ते तुझं तू बघ."

ती रीत मी आयुष्यभर पाळली. चिठ्ठीवर कधी खोटं लिहिलं नाही. तोंडाने किती बोललो, त्याचा हिशेब नाही.

त्यातलं एक खोटं मी सुनंदाशी बोललो होतो. निखिल नऊ दिवसांचा होता. बाळंतिणीला ताप चढला, थंडी भरून आली, ती बरळायला लागली. तिला दवाखान्यात आणलं. तिचं रक्त मीच काढलं, मीच काच लावली, मीच मोजलं. सव्वीस हजार. विश्वास बसेना, पुन्हा मोजलं. सव्वीसच. चिठ्ठी साहेबांना दाखवली. त्यांनी ती वाचून माझ्या हातात परत दिली आणि तडक इंजेक्शन भरायला घेतलं. मी ती खिशात घातली आणि तिच्या खाटेजवळ गेलो. तिने डोळे उघडून विचारलं, "किती?"

"नऊ हजार," मी म्हणालो. "एकदम नॉर्मल."

ती तेवीस वर्षांची होती. मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो, आणि माझा अंगठा हवेतच टक् टक् करत होता. पुढे ती बरी झाली. हे खोटं मी तिला कधी सांगितलं नाही, कोणालाच नाही. कशाला सांगायचं?

चौथ्या दिवसानंतर

चौथ्या दिवशी सकाळी बाटलीचा निकाल आला. मी घेतलेल्या दोन गोळ्यांना न जुमानता जंतू उगवला होता. त्याला काय चालतं ते कळलं, डॉक्टर गौरींनी औषध बदललं. नडगीतून पूही काढला, तो प्रकार लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर मला पहिल्यांदा भूक लागली. अशी भूक की शेजारच्या खाटेवरच्या पेजेच्या वासाने डोळ्यांत पाणी आलं.

सुनंदाने आकडा सांगितला, तीन. मग दोन. मग एके दिवशी ती आत आली तीच मोठ्याने हसत. पदराच्या गाठीतून चष्मा काढला, पदरालाच पुसला आणि माझ्या नाकावर चढवला.

"घ्या. आज तुमीच वाचा."

शून्य पॉइंट चार.

मी तो कागद चार वेळा वाचला. खाली यंत्राचं नाव, नमुना किती वाजता घेतला, सगळं वाचलं. तेहेतीस वर्षांत इतका सुरेख रिपोर्ट पाहिला नव्हता. शकील दाराशी उभा होता, तो तोंड फिरवून बाहेर गेला. डॉक्टर म्हणाल्या, आता सलाईनमधलं औषध थांबवता येईल, आकडा आणि तुम्ही दोघेही तेच सांगताय.

"आकडा आणि तुम्ही दोघेही." हे वाक्य मी मनात ठेवलं. मी माझ्या लॅबमध्ये बसून नुसत्या आकड्याला विचारलं होतं. थंडीने कुडकुडणाऱ्या माणसाला विचारलंच नव्हतं.

हे वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या घरी असा प्रसंग आलाच, तर मी एवढंच सांगेन. थंडी भरून ताप आला, माणूस असंबद्ध बोलायला लागला, धाप लागली, तर एक रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून घरी बसू नका. उरलेल्या गोळ्या खाऊ नका, आणि खाल्ल्या असतील तर लाजू नका, सांगा. आणि तुमचा शकील 'काच लावू का' म्हणाला, तर लावू द्या.

घरी आल्यावरचे दोन महिने कोणी सांगत नाही. केस गळतात. जिना चढताना तिसऱ्या पायरीवर बसावंसं वाटतं. ओळखीच्या माणसाचं नाव आठवत नाही आणि त्यावरून चिडून भांडायला होतं. मी निखिलवर फोनवर ओरडलो, मुंबईला नेत होतास म्हणून. तो म्हणाला, "बाबा, मी घाबरलो होतो." मला एवढा मोठा झालेला पोरगा, एकतीस वर्षांचा, तसाच नऊ दिवसांचा आठवला. सॉरी म्हणायला मला दोन दिवस लागले, पण म्हटलं.

फाइल

नवरात्राच्या आधी तपासणीला जायचं होतं. त्यासाठी मी रुग्णालयाची फाइल काढली. सुनंदा स्वयंपाकघरात जमिनीवर बसून वाल सोलत होती. बिरड्याचा बेत होता. भिजून मोड आलेले वाल चिमटीत धरून दाबायचे, साल हातात राहते, दाणा परातीत पडतो. तीही एक प्रकारे मोजणीच.

मी तिच्यासमोर पाटावर बसलो आणि कागद तारखेप्रमाणे लावायला घेतले. सवयच ती. पहिला प्रोकॅल्सिटोनिनचा कागद वर घेतला.

बासष्ट.

मला वाटलं दुसऱ्या कोणाचा रिपोर्ट आला. नाव पाहिलं. माझंच. दुसऱ्या दिवशीचा, एकाहत्तर. तिसऱ्या दिवशीचा, अडुसष्ट. चौथ्या दिवशी औषध बदललं, त्यानंतर एकतीस, मग चौदा, मग सहा. म्हणजे ती मला 'सहा' म्हणाली तेव्हा बासष्ट होता, आणि ती 'पाच, उतरतोय' म्हणाली तेव्हा तो चढत होता. चष्मा कधी विसरलाच नव्हता.

जो धोका टळून दोन महिने झाले होते, त्याची भीती मला त्या पाटावर बसून वाटली.

"सुनंदा," मी म्हणालो, "हे काय?"

तिने मान वर केली, कागद पाहिला, पुन्हा वाल उचलला. "बघितलात? मी निखिलला बोलली होती, फाइल वर ठेव म्हनून."

"मला खोटं सांगितलंस? मला? आकडा?"

"मंग काय सांगू? एकाहत्तर?" तिने दाणा परातीत टाकला. "तुमी आकडा ऐकून मेला असता. जंतूने नाय, आकड्याने."

सहा, पाच, चार, तीन. रक्तातला आकडा असा एकेक पायरी मोजत कधीच उतरत नाही. तेहेतीस वर्षं हजारो आकडे पाहिलेल्या माणसाला हे पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं. मला वाटतं कळलंही होतं. मी ते कळू दिलं नाही.

"तुला हे सुचलं कसं?" मी विचारलं.

"तुमीच शिकवलात." तिचे हात थांबले नाहीत. "निखिलच्या वक्ताला. नऊ हजार. येकदम नॉर्मल."

मी हातातले कागद जमिनीवर ठेवले.

"तुला कोणी सांगितलं?"

"कोन सांगनार? घरी आली तर पंधरा दिवसांचं कपडं तसंच पडलेलं. तुमी कधी धुताय? शर्टाच्या खिशात चिठ्ठी होती. तुमच्या अक्षरात. सव्वीस हजार."

एकतीस वर्षं. एकतीस वर्षं तिला माहीत होतं, आणि मी समजत होतो की एक गोष्ट आपण तिच्यापासून राखून ठेवलीय.

"म्हणजे तुला नंतर कळलं," मी म्हणालो. माझा आवाज मलाच परका वाटला. "तेव्हा तरी तू विश्वास ठेवला होतास ना?"

आता तिने हात थांबवले. ओल्या बोटांना वालाची सालं चिकटली होती. माझ्याकडे सरळ पाहिलं.

"तुमचा तोंड बघून तेवाच कळलेला. पन मी मनात बोलली, हा मानूस, जो चिठ्ठीवर येक आकडा कधी खोटा लिवत नाय, तो माझ्यासाठी येवढा मोठा खोटा बोलतोय. म्हंजे याला मी घरी पायजे." तिने पुढचा वाल उचलला. "म्हनून आली मंग घरी."

मी कागद गोळा केले, फाइल बंद केली. डोळे पुसायला चष्मा काढला, तो तिने माझ्या हातातून घेतला आणि पदरात ठेवून दिला. मग वालाचं पातेलं माझ्याकडे सरकवलं.

"बसलाच हाय तर सोला," ती म्हणाली. "त्याला चष्मा नाय लागत."